‘ठाकुरमार झुली’ची भाषा : एक विचार

बंगाली साहित्याशी मराठी वाचकाचा परिचय मुख्यत्वेकरून कादंबरीच्या द्वारे झालेला आहे. बंकिमचंद्र आणि शरच्चंद्र यांच्या कृती मामा वरेरकरांसारख्या अनुवादकांनी मराठीत आणल्या. रवींद्रनाथांची कविता आणि कथा त्यांच्या मागोमाग आल्या. आणि या परिचयातून वंगभूमीविषयी एक प्रकारचा जिव्हाळा महाराष्ट्रात निर्माण झाला. परंतु ज्या वाङ्मयावरचे बंगाली मनुष्याचे प्रेम कादंबरीहून जुने आहे, जे तो अक्षरओळख होण्यापूर्वीच कानांनी ऐकतो, त्या छडा, व्रतकथा आणि रूपकथा या प्रकारांची ओळख आपल्याकडे फारशी झालेली नाही. (बंगालीतील ‘रूपकथा’ म्हणजे राजपुत्र, राक्षस आणि सोन्याची कांडी यांची अद्भुतकथा, मराठीतील ‘रूपककथे’शी तिचा संबंध नाही. शब्दसाम्यामुळे होणारा हा घोटाळा आरंभीच दूर केलेला बरा.)

या वाङ्मयातील सर्वांत लोकप्रिय ग्रंथ म्हणजे दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला ‘ठाकुरमार झुली’, अर्थात् ‘आजीची झोळी’, हा होय. शतकाहून अधिक काळ तो छापला जात आहे, आणि बंगाली घरांतील अनेक पिढ्यांनी आपल्या बाळपणाची भाषा म्हणून त्याच्याकडे पाहिले आहे. दुसऱ्या बाजूस, लोकवाङ्मयाचे विद्यार्थी त्याचा उपयोग पुरावा म्हणून करतात : पूर्व बंगालच्या खेड्यातील वृद्ध स्त्रिया कशा बोलत, कथा कशी सांगत, याची नोंद म्हणून. हे दोन्ही व्यवहार एकाच वेळी चालू असले तरी त्यांचे एकमेकांशी जमत नाही. ज्या गुणामुळे हे पुस्तक सर्व बंगाल्यांचे झाले, त्याच गुणामुळे ते कोणत्याही एका आजीच्या बोलण्याचा पुरावा राहिलेले नाही. हा गुण म्हणजे त्याची भाषा.

दक्षिणारंजनांच्या पूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. रेव्हरंड लालबिहारी दे यांचा बंगालच्या लोककथांचा संग्रह १८८३ साली निघाला तो इंग्रजीत. कॅप्टन टेम्पल यांच्या सूचनेवरून केलेले हे काम. परंतु त्याच्या प्रस्तावनेत दे यांनी जो प्रामाणिकपणा दाखविला आहे तो नंतरच्या कित्येक विद्वान संपादकांत आढळत नाही. लहानपणी ज्या शंभूच्या आईकडून आपण कथा ऐकल्या तिच्या त्या बहुतेक सर्व आपण विसरलो, असे ते सांगतात; आणि मग प्रत्यक्षात कथा कोणी सांगितल्या त्याचा हिशेब देतात. दहा कथा एका ख्रिस्ती बंगाली स्त्रीच्या, दोन एका वृद्ध ब्राह्मणाच्या, तीन एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या, दोन घरच्या जुन्या नोकराच्या, उरलेल्या दुसऱ्या एका ब्राह्मणाच्या. कथा बंगालीत ऐकल्या आणि घरी येऊन इंग्रजीत उतरविल्या, हेही ते लपवीत नाहीत. कथनाची भाषा येथे संपूर्णपणे नष्ट झाली आहे, हे खरे; पण नष्ट झाली आहे हे वाचकाला स्पष्ट दिसते. त्यामुळे दे यांच्या ग्रंथाने फसवणूक अशी कोणाची होत नाही.

खरा प्रश्न उद्भवतो तो संग्रह बंगालीत होऊ लागला तेव्हा. १८९४ साली रवींद्रनाथांनी ‘साधना’ मासिकात स्त्रियांच्या तोंडच्या छड्यांवर निबंध लिहिला, आणि त्यानंतर लगेच बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेतून छड्यांचा संग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढे १९०७ मध्ये ‘लोकसाहित्य’ या पुस्तकात हे लेखन एकत्र आले. छडा म्हणजे मूल झोपविण्यासाठी, रमविण्यासाठी म्हटलेली पद्ये. आपल्याकडील बडबडगीत आणि अंगाईगीत यांच्या सीमेवर हा प्रकार कोठेतरी बसेल. पावसाच्या आणि नदीच्या पुराच्या एका प्रसिद्ध छड्याने आपल्या बाळपणी मेघदूताचे काम केले, असे रवींद्रनाथ म्हणतात. या निबंधातील रसिकता सर्वांच्या लक्षात राहिली आहे. त्याच्या जोडीला जी पद्धतीची जाण आहे तिच्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. एकाच छड्याचे निरनिराळे पाठ मिळतात. त्यांतील एक मूळ आणि इतर भ्रष्ट असे ठरविण्याला काहीच आधार नाही, कारण छड्याला मूळ असे रूपच नसते. म्हणून सर्व पाठ जपून ठेवले पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. हस्तलिखितांच्या आधारे ‘मूळ’ पाठ शोधण्याची पद्धती त्या काळी प्रतिष्ठित होती, हे लक्षात घेता ही भूमिका किती पुढची होती हे कळून येईल.

आणि तरीही याच निबंधात रवींद्रनाथांच्या हातून एक शब्द बदलला गेला आहे. गोष्ट लहान असली तरी तिच्यात पुढच्या सर्व संग्रहांची समस्या बीजरूपाने आहे, म्हणून ती थोडी तपशिलाने पाहणे युक्त होईल. मुलगी सासरी निघाली आहे. घरातील एकेक माणूस रडत आहे. आणि बहीण पलंगाचा पाया धरून रडत आहे. ती अधिक रडते, कारण पूर्वी भांडणात हिला तिने ‘नवऱ्याला खाणारी’ अशी शिवी दिलेली होती. ही शिवी सभ्य समाजात उच्चारण्यास आपणास संकोच वाटतो, असे रवींद्रनाथ सांगतात. पण ती ओळ गाळताही येत नाही, कारण तिच्यात ग्राम्यता आहे त्याहून करुणरस पुष्कळ अधिक आहे. मग ते शिवीचा अर्थ प्रथम ‘भर्तृखादिका’ अशा भारदस्त संस्कृतात देतात, आणि ओळीत त्या शब्दाच्या जागी ‘स्वामीखाकी’ असा सौम्य शब्द घालून छंद पुरा करतात. बोलीत रूढ शब्द आहे तो ‘भातारखाकी’.

या बदलाने छंद बिघडत नाही. छड्याच्या छंदात अक्षर मोकळे असो वा बंद असो, प्रत्येकाची एकच मात्रा धरली जाते. भा-तार-खा-की ही चार अक्षरे, स्वा-मी-खा-की हीही चारच. बिघडते ते निराळेच. ‘भातार’ हा ‘भर्तृ’ शब्दापासून आलेला तद्भव. बंगालीत तो उतरत उतरत ग्राम्य झाला. (मराठीत याच शब्दाचे भाऊबंद ‘भ्रतार’ हे रूप जात्यावरच्या ओवीत मोठ्या मानाने नांदते. शब्दांचेही दैव असते.) ‘स्वामी’ हा तत्सम, भद्र घरातला शब्द. शिवीचे विशेषण जुन्या बोलीचे ठेवून तिचे नाम मात्र संस्कृत केल्यामुळे एक असा शब्द तयार झाला की जो कोणतीही दोन मुले भांडताना वापरणार नाहीत. ज्या बहिणीच्या पश्चात्तापासाठी ओळ राखली, तिच्या पश्चात्तापाचे कारणच अर्धे निघून गेले. रवींद्रनाथांनी हा बदल उघडपणे, कारण देऊन केला आहे, म्हणून तो आज तपासता येतो. बदल करून न सांगणे ही परंपरा नंतरची होय.

दक्षिणारंजनांचा जन्म १८७७ चा, ढाका जिल्ह्यातील उलाइल या गावचा. मयमनसिंह भागात आत्याच्या जमीनदारीचे काम पाहत असता खेड्यापाड्यांतून त्यांनी कथा जमविल्या. ‘ठाकुरमार झुली’ला रवींद्रनाथांची भूमिका आहे, आणि ती स्वदेशीच्या भर उन्हाळ्यात लिहिलेली आहे. आजीच्या झोळीइतकी स्वदेशी वस्तू देशात दुसरी कोणती, आणि तीदेखील आता मँचेस्टरहून तयार होऊन येऊ लागली आहे, असा तिचा सूर आहे. पुढे दक्षिणारंजनांच्या भाषेची ते मनापासून स्तुती करतात : आजीच्या मुखातील शब्द छापील अक्षरांत उतरले असूनही त्यांची हिरवी टवटवी जवळजवळ जशीच्या तशी आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. आपण असतो तर या कामाचे धाडसच केले नसते असेही ते नमूद करतात.

या अभिप्रायाचा आधार घेऊन ‘झुली’ची भाषा म्हणजे आजीची भाषा असे मानण्याचा प्रघात पडला. परंतु रवींद्रनाथ कलकत्त्याच्या जोडासाँकोचे. त्यांचा कान पश्चिम बंगालच्या बोलीवर घडलेला. पूर्वेकडील खेड्यातील वृद्धेच्या उच्चाराशी ताडून पाहून त्यांनी हा अभिप्राय दिलेला नाही. पुस्तक वाचताना आजी बोलत आहे असे वाटते, एवढेच त्यांनी सांगितले. हे परिणामाविषयीचे विधान आहे. नोंदीच्या अचूकपणाविषयीचे नव्हे. एका कवीने दुसऱ्या लेखकाच्या कलेला दिलेली ही दाद अभ्यासकांनी दाखल्याच्या किमतीला वटविली.

‘झुली’ची भाषा प्रत्यक्षात कशी आहे? निवेदनातील क्रियापदे साधुभाषेची आहेत : ‘करिया’, ‘गियाछेन’, ‘करिते लागिलेन’ अशी. साधुभाषा ही एकोणिसाव्या शतकातील छापील गद्याची भाषा. ती कोणाच्याही घरात बोलली जात नव्हती. मराठीत ‘करावयाचे’ आणि ‘करायचे’ यांत जे अंतर आहे ते येथे आठवेल, पण बंगालीतील अंतर त्याहून पुष्कळ मोठे होते, कारण क्रियापदांची आणि सर्वनामांची जवळजवळ संपूर्ण व्यवस्थाच दुहेरी होती. मयमनसिंहची आजी ‘गियाछेन’ म्हणणार नाही. ती कलकत्त्याप्रमाणे ‘गेछेन’ही म्हणणार नाही, तिच्या बोलीत आदरार्थी क्रियापदाचा शेवट ‘उइन’ असा होतो. म्हणजे निवेदनाच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या अखेरीस आजीचा आवाज थांबतो आणि छापखान्याचा सुरू होतो.

परंतु एवढे सांगून थांबणे अन्यायाचे होईल, कारण वाक्याच्या अखेरीपर्यंत जे घडते ते साधुभाषेत पूर्वी कोणी घडविले नव्हते. विद्यासागरी गद्यातील लांब समास येथे नाहीत. वाक्ये तुटक, पुष्कळदा क्रियापदाविना; एक होता राजा म्हटले की राजाच्या हत्तीशाळेत हत्ती, घोडेशाळेत घोडे, कोठारात माणके, असे नुसते नामांचे ढीग. शब्दसंपत्ती तद्भव आणि देशी. आणि सर्वत्र अनुकरणवाचक शब्दांची पखरण : पाणी, पाऊल, पाखरू, भय, अंधार यांतील प्रत्येकाला स्वतःचा नाद आहे. रवींद्रनाथांनी ‘ध्वन्यात्मक शब्द’ या निबंधात ज्या शब्दवर्गाकडे लक्ष वेधले, आणि बंगाली भाषेचे खास बळ ज्यात आहे असे दाखविले, तो वर्ग कथनगद्यात इतक्या मुबलकपणे दक्षिणारंजनांनी आणला. साधुभाषेचा सांगाडा कायम ठेवून त्याच्यावर बोलीचे मांस चढविणे असा हा प्रकार आहे. तो कृत्रिम आहे. आणि तो यशस्वी आहे.

त्याचे यश कशात आहे हे पाहण्यासाठी रूपांचा थोडा तपशील उपयोगी पडेल. साधुभाषेतील ‘करिया’ हे जुने रूप. पूर्वेकडील बोलींत त्याचे ‘कइरा’ झाले. म्हणजे शेवटचा इकार पुढे सरकला आणि तेथेच राहिला. कलकत्त्याच्या बोलीत तोच इकार पुढे सरकून आधीच्या स्वरात मुरला आणि ‘कोरे’ असा उच्चार सिद्ध झाला. पूर्वेच्या वाचकाला कलकत्त्याचे रूप परके, पश्चिमेच्या वाचकाला पूर्वेचे रूप हास्यास्पद. कलकत्त्यात पूर्व बंगाली बोलीची थट्टा करण्याची प्रथा जुनीच होती. ‘करिया’ मात्र दोघांचेही पूर्वज. ते कोणाच्याच घरचे नसल्यामुळे कोणालाच बाहेरचे वाटत नव्हते. या भाषेत बोलणाऱ्या आजीला गाव नाही, जिल्हा नाही.

हे पुस्तक १९०७ चे आहे, याचे महत्त्व येथे आहे. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती. ढाका आणि मयमनसिंह हे जिल्हे ‘पूर्ववंग आणि आसाम’ या नव्या प्रांतात गेले होते. ती रद्द व्हावयास १९११ साल उजाडावे लागले. अशा वेळी ढाक्याच्या एका संग्राहकाने मयमनसिंहच्या कथा ‘बांगालार रूपकथा’ या उपशीर्षकाखाली, कलकत्त्याच्या कवीची भूमिका घेऊन, जिल्हा नसलेल्या भाषेत छापल्या. कथा मयमनसिंहच्या बोलीत छापल्या असत्या तर त्या एका जिल्ह्याच्या झाल्या असत्या. कलकत्त्याच्या बोलीत छापल्या असत्या तर राजधानीच्या झाल्या असत्या. भाषाशास्त्राच्या दृष्टीने जो दोष, तोच त्या दोन वर्षांच्या बंगालच्या दृष्टीने गुण ठरला. संग्राहकाने हे जाणून केले की त्या काळच्या छपाईच्या रूढीने आपोआप झाले, हा प्रश्न गौण आहे. १९१४ साली प्रमथ चौधुरींचे ‘सबुजपत्र’ निघाले आणि चलितभाषेचा पुरस्कार सुरू झाला. त्यानंतर लिहिले गेले असते तर हे पुस्तक बहुधा कलकत्त्याच्या आजीने सांगितले असते.

बोलीची खूण पुस्तकात मुळीच राहिली नाही असे मात्र नव्हे. राक्षस आणि राक्षसी यांचे बोलणे सानुनासिक आहे. त्यांच्या शब्दांवर चंद्रबिंदूंचा वर्षाव असतो. भुते नाकात बोलतात हा समज महाराष्ट्रातही आहे. परंतु पूर्व बंगालच्या बोलींत सानुनासिक स्वर सामान्य बोलण्यातून जवळजवळ गेलेले आहेत. कलकत्त्याचा मनुष्य पाच म्हणताना, हंस म्हणताना, चंद्र म्हणताना रोजच नाकातून स्वर काढतो. पूर्वेच्या मनुष्याच्या तोंडी तो येत नाही. तेव्हा पूर्वेच्या मुलाला राक्षसाचा स्वर मानवी भाषेच्या बाहेरचाच वाटला पाहिजे. हा परिणाम पुस्तकात मुद्दाम आणलेला नसेल. तो कथेबरोबर आला आणि साधुभाषेच्या चाळणीतून निसटून खाली राहिला.

भाषेवर झालेला हा संस्कार केवळ क्रियापदांपुरता होता की कथेच्या आशयापर्यंत गेला, हे तपासण्याची एक चांगली संधी उपलब्ध आहे. ‘झुली’तील ‘कांकनमाला, कांचनमाला’ ही कथा आणि मयमनसिंहच्या गीतांपैकी ‘काजलरेखा’ ही एकाच कथाबंधाची दोन रूपे आहेत. दोहोंतही अंगभर सुया टोचलेला पुरुष आहे. दोहोंतही नायिका हातातील कांकण देऊन दासी विकत घेते. नायिका स्नानाला जाते आणि तेवढ्यात दासी राणी होऊन बसते. आणि दोहोंतही खरी कोण व खोटी कोण याची परीक्षा स्वयंपाकघरात आणि अंगणात होते : पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड पक्वान्ने, करून दाखवावयाची; आणि आलपना, म्हणजे तांदूळ वाटून त्याच्या पाण्यात कालविलेल्या पिठाने काढलेली रांगोळी, काढावयाची. राजवंशाची खूण म्हणून अंगठी, तीळ किंवा पादत्राण यांचा उपयोग अनेक देशांच्या कथांत आहे. रोजच्या कामातील हाताचे वळण ही खूण मानणे हे मात्र बंगालच्या स्त्रियांनी आपल्या कथेला दिलेले खास देणे म्हणावे लागेल. वस्त्रे चोरता येतात, दागिने चोरता येतात, नवराही चोरता येतो. आलपना चोरता येत नाही.

‘झुली’त ही परीक्षा विनोदाने आणि वेगाने जाते. खोटी राणी करते ती पिठे ‘आस्के, चास्के, घास्के’. यांतील आस्के हे खरोखरीचे, साधे, जाडेभरडे पिठे. पुढचे दोन शब्द यमकासाठी घडविलेले. म्हणजे तिच्या ताटात पदार्थ एकच आहे आणि बाकीचा नुसता आवाज आहे. खऱ्या राणीची पिठे चंद्रपुली, मोहनबाँशी, क्षीरमुरली, चंदनपाता. प्रत्येक नाव आकार किंवा रुची सांगणारे. अंगणात खोटी राणी भसाभस पिठाचे फराटे ओढते. खरी राणी इवलेसे फडके भिजवून कमळवेल, सात कलश, भाताची कणसे, मोर आणि लक्ष्मीची पावले काढते. हे सर्व एखाद्या परिच्छेदात संपते. शब्दयोजनेची ही चलाखी आजीची की दक्षिणारंजनांची, हे सांगण्यास साधन नाही. परंतु तिच्यातील यमकाची जाण मौखिक कथनाशी विसंगत नाही, आणि पुस्तकाचा हा भाग त्याच्या उत्तम भागांपैकी आहे.

‘काजलरेखा’त आलपनेचे वर्णन उत्तम शाळीचे तांदूळ भिजत घालण्यापासून सुरू होते. गाणाऱ्याला घाई नाही. मग लक्ष्मीची पावले येतात, कैलासावरील शिवपार्वती येतात, आणि विषहरी, म्हणजे सर्पांची देवता मनसा, हीदेखील येते. पाणथळ आणि सर्पबहुल पूर्व बंगालमध्ये मनसेची पूजा ही हौसेची गोष्ट नव्हती. ‘झुली’तील आलपनेत लक्ष्मी आहे, मनसा नाही. कमळ, कलश, मोर, लक्ष्मीची पावले यांतील एकही चिन्ह असे नाही की जे बर्दवानच्या अंगणात परके वाटेल. म्हणजे जिल्हा केवळ क्रियापदांतूनच गेला असे नाही. तो अंगणातूनही गेला. एका उदाहरणावरून सर्व पुस्तकाविषयी निर्णय देणे धाडसाचे होईल, आणि मनसेचे नाव नसलेली आलपना मयमनसिंहमध्ये कोणी काढीतच नसेल असेही नव्हे. तरीपण भाषेतील आणि आशयातील ओढ एकाच दिशेची आहे, हे नजरेआड करता येत नाही.

दोन्ही रूपांत आणखी एक भेद आहे. ‘झुली’त सुतांची मोळी घेऊन आलेला अनोळखी मनुष्य परीक्षा घेतो आणि तिथल्या तिथे न्याय करतो, सुया निघून खोट्या राणीच्या अंगात शिरतात. ‘काजलरेखा’त पिठे आणि आलपना यांनी संशय निर्माण होतो, न्याय होत नाही. नायिकेने आपली ओळख स्वतः सांगावयाची नाही असा तिला निर्बंध आहे. सत्य शेवटी शुकपक्ष्याच्या तोंडून बाहेर पडते, आणि तोपर्यंत तिला दासी म्हणून दिवस काढावे लागतात. कौशल्य दिसूनही स्त्रीला लगेच न्याय मिळत नाही, ही जाणीव या दुसऱ्या रूपात आहे. मुलांसाठी केलेल्या पुस्तकात ती नसावी हे स्वाभाविक आहे. पण मूळ कथा सांगणाऱ्या स्त्रियांना ती ठाऊक नव्हती असे ‘झुली’ वाचून कोणी समजू नये.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ‘काजलरेखा’ तरी निखळ लोकवाणी आहे कशावरून? ‘मयमनसिंह गीतिका’ १९२३ साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केली. संपादक दिनेशचंद्र सेन. गीते जमविली ती चंद्रकुमार दे यांनी. मयमनसिंहच्या ‘सौरभ’ मासिकात त्यांनी लिहिलेले लेख दिनेशचंद्रांच्या नजरेस आले आणि त्यांनी या अल्पशिक्षित, प्रकृतीने दुर्बल मनुष्याला शोधून काढले. आशुतोष मुखर्जी यांचे पाठबळ मिळाले आणि दहा गीते छापून झाली. विद्वानांच्या शंका त्यानंतर सुरू झाल्या : भाषा वाजवीपेक्षा सुबोध आहे, प्रेमाची कल्पना आधुनिक आहे, संग्राहकाचा किंवा संपादकाचा हात फिरलेला आहे. हात फिरला होता हे उघड आहे; ‘महुआ’चे चोवीस अध्याय आपण पाडले असे दिनेशचंद्र स्वतःच सांगतात. या वादावर चेक पंडित दुशान झ्बावितेल यांनी १९६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठातर्फेच एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि गीतांचा गाभा अस्सल लोककाव्याचा आहे असा निर्णय दिला. निर्णयाच्या तपशिलाविषयी मतभेद होतील. परंतु त्यांनी प्रश्न ज्या रीतीने मांडला ती रीत महत्त्वाची आहे. संपूर्ण गीत खरे की खोटे असे न विचारता, कोणता थर कोणाचा, असे त्यांनी विचारले. हाच प्रश्न ‘झुली’ला विचारला जाणे अवश्य होते. तो विचारला गेला नाही, कारण ‘गीतिके’वर विद्वानांचे लक्ष होते आणि ‘झुली’वर सर्वांचे प्रेम. लाडक्या पुस्तकाची उलटतपासणी करावयास कोणी सहसा धजत नाही.

ज्या कथा ‘झुली’त आल्या त्यांनी पुढे जिल्ह्याची आणि देशाचीही सीमा ओलांडली, हे खरे. १९६८ साली ढाक्यात ‘सात भाई चंपा’ या कथेवर चित्रपट निघाला, तेव्हा बंगालची दुसरी फाळणी होऊन एकवीस वर्षे लोटली होती. सात भाऊ आणि एक बहीण फुले होऊन आईची वाट पाहतात ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच माहीत होती. एवढे बळ बोलीत छापलेल्या संग्रहाला आले असते का, याची शंकाच आहे.

मात्र जिल्हा गाळल्यानंतरही या आजीजवळ एक ओळख शिल्लक राहिली, आणि ती पुस्तकाच्या नावातच आहे. ‘ठाकुरमा’ म्हणजे हिंदू घरातील वडिलांची आई. त्याच गावातील मुसलमान घरात तिला ‘दादी’ म्हणतात, आईच्या आईला ‘नानी’. मयमनसिंहच्या गीतांत हे दुसरे घर जागोजाग आहे : ‘देवाना मदिना’ हे मनसुर बयाती याचे गीत आहे, त्यातील शेतकरी नवराबायको मुसलमान आहेत, आणि गीते गाणारे व ऐकणारे दोन्ही समाजांतले होते. दक्षिणारंजन ज्या गावांतून फिरले ती हीच गावे. लालबिहारी दे यांच्या प्रस्तावनेत न्हावी आहे, नोकर आहे, धर्मांतरित स्त्री आहे. कोणी किती कथा सांगितल्या ते मोजून दिलेले आहे. ‘झुली’तील कथा सर्वच्या सर्व एका आजीच्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती एखाद्या दादीकडून आली असेल, याची नोंद पुस्तकात कोठे नाही.